ब्लॉक केल्यावर वेळ कुणाची?

प्रश्न : स्ट्रीट फायटर 6 या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मी ल्यूक हे पात्र घेऊन खेळतो. समोरच्याचा पंच ब्लॉक केला की लगेच जॅब, म्हणजे हलका झटपट पंच, मारतो, तरी पुढचा फटका मलाच बसतो आणि वर ‘काउंटर’ असं झळकतं. मित्र म्हणतो, ‘तू मायनस आहेस, गप ब्लॉक कर.’ मायनस म्हणजे नक्की काय? की माझं नेटच खराब आहे? — एक वाचक, सांगली

उत्तर : नेटवर राग काढण्याआधी हा हिशेब बघा. मित्राचं बरोबर आहे, फक्त त्याने आकडे मांडून दाखवले नाहीत.

गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो. म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. फटका उगारल्यापासून लागेपर्यंतचा वेळ तो स्टार्टअप, लागू शकतो त्या फ्रेम ॲक्टिव्ह, आणि हात मागे येईपर्यंतची रिकव्हरी. ब्लॉक करणाराही क्षणभर अडकतो, तो ब्लॉकस्टन. दोघांपैकी आधी मोकळा कोण झाला आणि किती फ्रेमने, एवढंच प्लस-मायनस सांगतं: आधी सुटला तो प्लस, उशिरा सुटला तो मायनस.

समजा, तुम्ही ब्लॉक केलेल्या पंचावर समोरचा प्लस 2 आहे, आणि लगेच तो 5 फ्रेमचा दुसरा पंच टाकतो. तो दोन फ्रेम आधी सुटलाय, म्हणून तुम्ही मोकळे झाल्यावर तिसऱ्याच फ्रेमला त्याचा पंच लागतो. तुमचा सगळ्यात चपळ जॅब 4 फ्रेमचा. बटण अगदी अचूक दाबलंत तरी एका फ्रेमने मार खाणार. वर तुमचा हात उगारलेला असताना लागला म्हणून तो काउंटर हिट: मार जास्त आणि त्याच्या पदरात आणखी दोन फ्रेम. यालाच फ्रेम ट्रॅप म्हणतात. मधली ती बारीक फट त्याने मुद्दाम सोडलेली असते, तुम्ही बटण दाबावं म्हणूनच.

तोच मायनस 4 किंवा त्याहून वाईट असेल, तर तुमचा जॅब हक्काचा, हे पनिश. आणि शोर्युकेन, म्हणजे उडी घेत वर मारलेला पंच, ब्लॉक केलीत तर तिथे नुसत्या जॅबवर समाधान मानू नका. तो खाली येईपर्यंत तुमच्याकडे मोठ्या कॉम्बोइतका, म्हणजे सलग फटक्यांच्या माळेइतका, वेळ असतो.

एक रुपयाचं कॉइन टाकून पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स 97 खेळलेली आमची पिढी. ज्याचा हात चालतो तो जिंकतो, असं आम्ही धरून चालायचो. आकडे तेव्हाही मशीनच्या आत होतेच, आम्हाला दिसत नव्हते. आज ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर मिळतं, ते चालू न करता शंभर मॅच खेळणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. डमीला, म्हणजे सरावासाठी समोर उभ्या पात्राला, तेच दोन पंच रेकॉर्ड करून द्या, ब्लॉक करा, जॅब दाबा आणि खालची पट्टी बघा. स्टार्टअप हिरवा, ॲक्टिव्ह लाल, रिकव्हरी निळी. तुमचा हिरवा संपायच्या आत त्याचा लाल सुरू झालेला दिसेल.

प्रश्न : मग नुसतं ब्लॉकच करत बसायचं? — तेच वाचक

उत्तर : नाही, आणि इथे तुमच्या मित्राचा सल्ला अपुरा पडतो. तुम्ही गप बसता हे कळलं की समोरचा थ्रो करणार, म्हणजे पकडून आपटणार, आणि थ्रो ब्लॉक होत नाही. तो 5 फ्रेमचा असतो, म्हणजे डोळ्यांनी पाहून सोडवणं जवळजवळ अशक्य, अंदाजानेच टेक करावा लागतो, म्हणजे त्याच क्षणी आपलंही थ्रोचं बटण दाबून सुटावं लागतं. ड्राइव्ह इम्पॅक्टचं, म्हणजे मार झेलत येणाऱ्या जड फटक्याचं, तसं नाही. त्याचा स्टार्टअप 26 फ्रेमचा, म्हणजे 430 मिलिसेकंदांच्या वर; दिसताक्षणी उलटा इम्पॅक्ट टाकायची सवय लावता येते, रोज दहा मिनिटं डमीसमोर उभं राहून.

टेकचं बटण मात्र प्रत्येक वेळी दाबू नका. मुरलेला खेळाडू थ्रोच्या अंतरात येतो, तुम्ही टेक दाबणार त्या क्षणी मागे सरकतो, आणि तुमचा हुकलेला थ्रो पनिश करतो. ती शिमी. पुढच्या आठवड्यात तुम्हाला तीच कुणीतरी दाखवेल.