औषध मोफत, मग खर्च कशाचा?

ठाणे (पूर्व)

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

नवी मुंबईतील कुष्ठरोग नियंत्रणाचा खर्च काढण्यासाठी तू प्रबंधाचा केलेला आराखडा दोनदा वाचला. तक्ते नेटके आहेत, परंतु सर्वांत मोठा रकाना औषधांना दिलेला पाहून मी तिथेच अडलो. एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांची, पाकिटे १९९५ पासून जगभरातल्या रुग्णांना मोफत मिळत आली आहेत. आधी जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या पैशातून आणि २००० पासून नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या देणगीतून. देणगीच्या वस्तूलाही मोल असते, तेव्हा तो रकाना काढून टाक असे मी म्हणणार नाही; पण या रोगात औषध हा सर्वांत स्वस्त भाग आहे. महाग पडतो तो उशीर, आणि उशिराला तुझ्या तक्त्यात जागाच नाही.

उशीर कसा होतो ते सांगतो. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून काम करत असताना तुर्भे नाक्यावर रोज सकाळी कामासाठी उभा राहणारा एक रंगारी माझ्याकडे आला. त्याच्या हातावर फिकट चट्टा होता, पण तो खाजत नव्हता की दुखत नव्हता, आणि न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी रोजंदारी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? त्याने आधी औषधाच्या दुकानातून गजकर्णाचे मलम आणले, मग दोन खासगी डॉक्टर केले, आणि करंगळी वाकून ब्रश हातातून निसटू लागला तेव्हा कुणीतरी त्याला आमच्याकडे पाठवले. मी त्याला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर बॉलपेनचे टोक टेकवले आणि कुठे टेकले ते बोटाने दाखवायला सांगितले. तो नुसताच बसून राहिला. अजून मी काही केलेच नाही असे त्याला वाटत होते. त्याच दिवशी उपचार सुरू झाले, वर्षभरात पूर्णही झाले, पण करंगळी सरळ झाली नाही. रंगकाम सुटले आणि रात्रपाळीची राखणदारी कमी पगारात पत्करावी लागली. त्याच्या पुढच्या साऱ्या आयुष्यातली ही तूट कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही. सरकारच्या दृष्टीने तो बरा झालेला रुग्ण होता आणि त्याच्यावरचा खर्च जवळजवळ शून्य होता.

म्हणून रुग्णाच्या खिशातून जाणारे पैसे आधी मोज. बहुजिवाणू प्रकारात, म्हणजे शरीरात जंतू जास्त असलेल्या रुग्णाला, बारा महिने औषध, म्हणजे दर अठ्ठावीस दिवसांनी एक पाकीट असते. रुग्ण ते घ्यायला स्वतः येत असेल आणि नाक्यावरची मजुरी ७०० रुपये धरली, तर नुसत्या बुडालेल्या दिवसांचे ८,४०० रुपये होतात. त्यात मज्जातंतूला सूज आली की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होते आणि फेऱ्या आणखी वाढतात. एमडीटीतल्याच क्लोफॅझिमिन या औषधाने कातडी काळवंडते ही तर मजुरीत न मोजता येणारी किंमत आहे, कारण 'काय झालं रे तुला?' असा प्रश्न चाळीत सुरू झाला की माणूस गोळ्या तरी सोडतो, नाही तर खोली तरी.

आता सरकार या उशिराची किंमत किती लावते ते पाहा. विकृती येण्यापूर्वी रुग्ण शोधला तर आशा सेविकेला २५० रुपये आणि विकृती आल्यावर शोधला तर २०० रुपये, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दर आहे. म्हणजे एक हात वाचवण्याचा मोबदला पन्नास रुपये झाला. तोच हात वाकल्यावर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णाला भरपाई म्हणून पूर्वी ८,००० आणि पुढे १२,००० रुपये देण्याची तरतूद झाली, आणि शस्त्रक्रियागृह, फिजिओथेरपी व बधिर पायांसाठीच्या मऊ रबरी एमसीआर चपला यांचा खर्च आणखी वेगळा. आशा सेविकांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत, त्यामुळे या पन्नास रुपयांचा मला आजही राग येतो. तुझ्या प्रबंधात राग नको, पण हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी शेजारी असावेत.

दुसरी सावधगिरी आकडेवारीबाबत आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारांमागे रुग्णांचे प्रमाण ०.९५ वर, म्हणजे ठरलेल्या एकच्या मर्यादेखाली, आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. परंतु हे प्रमाण उपचार चालू असलेल्यांचे असते, हे विसरू नकोस. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बहुजिवाणू रुग्णांचा उपचार चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आला, तेव्हा नवे रुग्ण तेवढेच राहिले तरी नोंदवहीतली अशा रुग्णांची संख्या आपोआप निम्मी होणार होती. रोग घटलाच, यात शंका नाही, पण किती घटला ते या प्रमाणावरून ठरवू नये. आजही भारतात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपलेच असतात. तू पाया धरायचा तो नव्या रुग्णांचा, त्यांतील मुलांचा आणि दृश्य विकृती घेऊनच आलेल्यांचा.

रुग्ण कमी झाले की एकेक रुग्ण शोधण्याचा खर्च चढत जातो आणि घरोघरचे सर्वेक्षण परवडत नाही, असे तुझे गणित सांगू लागेल. ते मान्य करण्यापूर्वी एवढे लक्षात घे की या रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सरासरी पाच वर्षांचा असून तो वीस वर्षांपर्यंतही लांबतो. आज केलेल्या खर्चाचे फळ इतक्या उशिरा दिसणार असेल, तर भविष्यातील लाभाला सवलतीचा दर लावताच, म्हणजे उद्याचा रुपया आज कमी किमतीचा धरताच, ते फळ कागदावर सुकून जाते. दर लावून आणि न लावता, अशी दोन्ही उत्तरे दे.

सहवासितांना, म्हणजे रुग्णाच्या घरच्यांना व शेजाऱ्यांना, रोग टाळण्यासाठी रिफॅम्पिसिन या औषधाची एक मात्रा देण्याचे धोरण २०१८ पासून देशभर राबवले जात आहे. बांगलादेशातील चाचणीत तिने पहिल्या दोन वर्षांतील धोका ५७ टक्क्यांनी कमी केला होता. गोळीचा खर्च किरकोळ असतो, पण दिघ्याच्या चाळीत भाडेकरू काही महिन्यांनी बदलतात, माणसे दिवसा कारखान्यात असतात, त्यामुळे कर्मचाऱ्याला संध्याकाळी, दोन-तीनदा जावे लागते. शिवाय शेजाऱ्याला गोळी द्यायची तर कोणाचा सहवासित म्हणून द्यायची, हे न बोलता ती द्यावी लागते. या फेऱ्यांचे तास तुझ्या आराखड्यात नाहीत.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता रबाळे स्थानकाबाहेर भेट. प्रश्नावलीत 'पहिला चट्टा केव्हा दिसला' आणि 'पहिली गोळी केव्हा घेतली' असे दोन प्रश्न वाढवून आण. बॉलपेनही असू दे. लिहायला घेशील तेच तपासणीला चालेल.

तुझा हितचिंतक