पाळण्यातलं नाव, दाखल्यावरचं नाव

बाळाच्या नावाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. मतं आमची, नियम सरकारचे.

प्रश्न : नाव अजून ठरत नाही आणि २१ दिवसांत नोंद व्हायलाच हवी म्हणून सगळे मागे लागलेत. आत्ता एखादं नाव देऊन टाकावं आणि नंतर बदलावं का?

असं अजिबात करू नका. २१ दिवसांची मुदत जन्म कळवण्याची आहे, नावाची नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये नावाशिवाय नोंद करायची सोय आहे. बाळ रुग्णालयात जन्मलं असेल तर ती नोंद कळवणं रुग्णालयाचं काम असतं. तुम्ही फक्त नावाचा रकाना कोरा ठेवायला सांगा. पुढे १२ महिन्यांच्या आत आई किंवा वडिलांनी निबंधकाकडे नाव कळवलं तर शुल्क पडत नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं.

कोरा रकाना भरणं सोपं, भरलेला बदलणं जिकिरीचं. कायद्याचं कलम १५ चुकीच्या नोंदीसाठी आहे. त्यातही मूळ नोंद खोडली जात नाही, समासात शेरा लिहिला जातो. 'तेव्हा हे आवडलं होतं, आता ते आवडतं' ही चूक ठरत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार अशा कामांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. त्यावर जे उतरेल ते जन्मभर मागे येणार. तेव्हा बारसं होऊ द्या, महिनाभर त्या नावाने हाका मारून बघा, मग कार्यालयात जा.

प्रश्न : मुलाचं नाव 'आर्य' ठेवायचं आहे. स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'ए' लावावा की दोन? अंकशास्त्रवाले दोन सांगतात.

आधी एक अडचण बघून घ्या. रोमन लिपीत 'आर्य' आणि 'आर्या' दोन्ही ए-आर-वाय-ए असेच लिहिले जातात. मराठीत जोडाक्षराने संपणाऱ्या नावातला शेवटचा 'अ' ऐकू येतो. आर्य, शौर्य, अजिंक्य ही सगळी त्याच वाटेची. वर्गातल्या हजेरीत इंग्रजी यादी वाचणारा सरळ 'आर्या', 'शौर्या' म्हणणार. त्यात दोन 'ए' लावलेत तर मुलाची मुलगी झालीच म्हणून समजा! एकच 'ए' लावा, आणि जन्मनोंदीच्या वेळी मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकान्यांतलं नाव स्वतः अक्षर अक्षर वाचा.

हाच घोळ 'ज्ञ' मध्ये होतो. आपण डी-एन-वाय-ए लिहितो. महाराष्ट्राबाहेर ते 'द्न्य' वाचतात, कारण त्यांचा 'ज्ञ' जी-वाय-ए असतो. 'ऋ' कुणी आर-आय लिहितं, कुणी आर-यू, तर कुणी मध्ये एच घालतं. ही नावं टाळा असं आमचं म्हणणं नाही. मात्र एकच स्पेलिंग ठरवा, ते कागदावर लिहून घरात चिकटवा आणि लसीकरणाच्या कार्डापासून बाल आधारपर्यंत तेच द्या. आकड्यांची बेरीज जमवायला घुसवलेलं जादा अक्षर एका कागदावर येतं आणि दुसऱ्यावर राहून जातं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात आणि हेलपाटे. दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक गेली की ते आणखी किचकट होतं.

प्रश्न : नातवाचा आर्द्रा नक्षत्राचा तिसरा चरण आहे. गुरुजींनी 'ङ' अक्षर काढून दिलं. 'ङ' वरून नाव कुठून आणायचं?

आजी, कुठूनच आणू नका. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी ४ असे १०८ चरण आहेत आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर दिलेलं आहे. आर्द्राची अक्षरं कू, घ, ङ, छ. हस्ताची पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदाची दू, थ, झ, ञ. यातली ङ, ण, ञ शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत. म्हणून त्याच नक्षत्रातलं शेजारचं अक्षर घेण्याचा रिवाज आहे. तुमच्या बाबतीत 'घ' नाहीतर 'छ', म्हणजे तिथेही फार वाव नाही.

आमचं मत विचाराल तर नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून काढलेलं नाव, पत्रिकेत राहू द्या आणि हाकेचं नाव मोकळेपणाने निवडा. आणि हो, चंद्र एका चरणात साधारण ६ तास असतो. जन्मवेळ चरण बदलण्याच्या आसपासची असेल तर ती एकदा रुग्णालयाच्या कागदांवरून पडताळून घ्या. अर्ध्या तासाच्या चुकीनेही अक्षर बदलू शकतं.

प्रश्न : आता नावात आईचंही नाव येतं. मग बाळाचं नाव लहानच ठेवावं का?

हो, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. आता हिशेब करा. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. पहिलीत नावासाठी इंग्रजी अक्षरांच्या ३९ जागा असतात. आडनावानंतर २ आणि दोन शब्दांमध्ये १ जागा खुणेला जाते. देशपांडे ९, खुणा २, अनिरुद्ध ९, वैष्णवी ९, ज्ञानेश्वर ११, मधल्या खुणा २ : झाले ४२. चारही नावं पासपोर्टवर तशीच उतरली तर त्या ओळीत ३ अक्षरं तुटणार. अनिरुद्धऐवजी ३ अक्षरी स्पेलिंगची इरा असेल तर ३६ मध्ये काम होतं. आईवडिलांची नावं आणि आडनाव आखूड असतील तर अनिरुद्ध खुशाल ठेवा.

लांबीइतकाच महत्त्वाचा असतो सांधा. पूर्ण नाव भरभर पाच वेळा म्हणा. 'समीर' पुढे 'राणे' आलं की 'समीराणे' ऐकू येतं, 'मानस' आणि 'सावंत' एकमेकांत मिसळतात. आता आडनावाआधी वडिलांचं नाव येतं आणि बाळाच्या नावानंतर आईचं, म्हणून तिन्ही सांधे तपासा.

प्रश्न : यादीत 'अनय' नाव आवडलं. अर्थ 'ज्याच्यावर कुणाची सत्ता नाही तो' असा दिला आहे. बरोबर आहे का?

संस्कृत कोशात 'अनय' म्हणजे नीतीला सोडून वागणं, गैरव्यवहार. राधेच्या नवऱ्याचं नाव म्हणूनही ते आपल्याकडे ओळखीचं आहे, त्यामुळे ठेवणारे ठेवतात. पण यादीतला अर्थ धरून ठेवू नका. नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि अर्थ न सापडला की 'देवाची देणगी' लिहून मोकळ्या होतात. आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. दोन मिनिटं लागतात. नुसता 'अ' किंवा 'अन' सुरुवातीला आहे म्हणून अर्थ वाईट असतो असंही नाही : 'अघ' म्हणजे पाप, म्हणून 'अनघा' म्हणजे निष्पाप.

प्रश्न : जुळ्या मुली आहेत. एकाच अक्षरावरून, यमक जुळणारी नावं ठेवावीत का?

ठेवू नका. जन्मतारीख, आई, वडील, आडनाव सगळं एकच असतं. आद्याक्षरही एकच झालं तर दवाखान्याच्या आणि शाळेच्या नोंदीत एकीची लस दुसरीच्या नावावर चढायला वेळ लागत नाही. आद्याक्षर वेगळं आणि नावाची लांबीही वेगळी ठेवा. घरात हाक मारल्यावर दोघी एकदम 'काय?' म्हणून धावत येणार नाहीत, तेवढंच.