चपळाईला 9, काटकपणाला 0

प्रश्न: ताई, नमस्कार. मी कळव्याला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांसाठी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम बनवतोय, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि टेबलाभोवती बसून फाशांवर गोष्ट खेळायची. काळ 1737, चिमाजी अप्पांची साष्टीची मोहीम. पात्रं म्हणजे खाडीकाठची साधी माणसं. गुण डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळावरून घेतलेत: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. कौशल्यं 24. ती गुणांखाली वाटायला बसलो तर चपळाईला 9 गेली, काटकपणाला एकही नाही. म्हणून त्या रकान्यात ‘उपास काढणे’ आणि ‘ताडी पचवणे’ घुसवलं. तरी पाचही खेळाडू चपळाईच वाढवून येतात. प्रत्येक गुणाला चार-चार कौशल्यं करून टाकू का?

उत्तर: ‘ताडी पचवणे’ वाचून हातातला चहा सांडला. काढ ते. रकाना रिकामा दिसतो म्हणून भरलेलं कौशल्य खेळताना लगेच ओळखू येतं.

चार-चारही करू नकोस. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या आवृत्तीत 18 कौशल्यं आहेत: ताकदीला 1, चपळाईला 3, बुद्धीला 5, शहाणपणाला 5, छापेला 4 आणि काटकपणाला तुझ्यासारखंच शून्य. तरी तिथं काटकपणा कमी ठेवायला माणूस दहादा विचार करतो, कारण पात्र किती घाव सोसणार ते त्यावर ठरतं. तुझ्या खेळात काटकपणा कमी असला तर कुणाचं काय बिघडतं? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. माझ्या मते खरी गोम तिथं आहे, रकान्यात नाही.

आता वल्हवण्याचं बघू. तू ते चपळाईत टाकलं असशील. माझं लहानपण चेंदणी कोळीवाड्याला लागून गेलं. शेजारचे एक काका होडी घेऊन खाडीत जायचे. अंगानं हडकुळे, चालही संथ. तुझ्या तक्त्यात त्यांना ताकद 8, चपळाई 9 मिळाली असती आणि ते पहिल्याच वळणावर बुडाले असते! प्रत्यक्षात त्यांना आज भांगाची (छोटी) भरती आहे की उधाणाची, ओहोटी कधी लागणार, पाणी कुठं ओढतंय हे झोपेतही कळायचं.

म्हणजे होडी चिखलात रुतली, तर ती ढकलायला वल्हवणे अधिक ताकद. अंधारात पाण्याची ओढ ओळखायची, तर वल्हवणे अधिक शहाणपण. गायमुखापासून ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत (हो, आज जिथं कारागृह आहे तोच) रात्रभर न थांबता यायचं, तर वल्हवणे अधिक काटकपणा. कौशल्य एकच, गुण प्रसंगानुसार. ही युक्ती माझी नाही. 1991 च्या ‘व्हँपायर’ या रोलप्लेइंग गेममध्ये गुण आणि कौशल्य यांची जोडी प्रसंग बघूनच लावतात, आणि मी वर म्हटलेल्या 2014 च्या आवृत्तीतही ऐच्छिक नियम म्हणून अशी सूट आहे. तू कौशल्यांची यादी गुणांपासून सरळ वेगळी लिही. 9 आणि शून्याचा हिशेबच उरत नाही.

एक पथ्य मात्र पाळ. कोणता गुण लागणार ते आधी जीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) सांगायचं, मग फासा. नाहीतर प्रत्येक जण आपला तगडा गुण पुढे करतो. कोपरखैरण्यात आमच्या टेबलावर एकानं बंद कुलपाशी गोड बोलून छाप पाडायची परवानगी मागितली होती. अर्धा तास वाद, समोसे गार.

दुसरी गोष्ट, आकडे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक +1 म्हणजे 5 टक्के. समज, तू गुणाला -1 ते +4 देतोस आणि कौशल्याला फक्त +2. मग ताकद -1 असलेल्या मुरलेल्या कोळणीची बेरीज होते +1. लक्ष्य 15 असेल, म्हणजे फासा अधिक ही बेरीज 15 किंवा जास्त यायला हवी, तर तिला 35 टक्के संधी. जन्मात वल्हं न धरलेल्या पण ताकद +4 असलेल्या पहिलवानाला 50 टक्के. असं गणित असल्यावर मुलं गुणच वाढवणार, त्यांना बोल कशाला लावतोस? गुण +3 वर थांबव, कौशल्य +6 पर्यंत जाऊ दे. कोळीण 55, पहिलवान 45. खाडीवर मला हे पटतं.

जाता जाता: ‘टेहळणी’ शहाणपणाखाली टाकली असशील, सगळे टाकतात. इंग्रजीत ते कसंबसं खपतं. मराठीत नजर वेगळी आणि शहाणपण वेगळं. जांभळी नाक्यावरची भाजीवाली पन्नास पावलांवरून ओळखते की हा भाव करणार, घेणार नाही. तिच्या घरचे तिला शहाणी म्हणतीलच असं नाही. ‘नजर’ हा सातवा गुण कर, किंवा शहाणपणाचंच नाव बदलून ‘नजर’ ठेव. मी दुसरं केलं असतं.

येत्या रविवारी फक्त खाडी ओलांडण्याचा प्रसंग खेळा, तोही रात्रीचा, ओहोटी लागलेली. काटकपणाची पहिली चाचणी हुकली की त्या पात्राला उजाडेपर्यंत प्रत्येक फाशाला -2. मग पाचांपैकी किती जण खोडरबर मागतात ते कळव.