हिरवा त्रिकोण म्हणजे माशांना सुरक्षित नव्हे

प्रश्न: शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत, बांधाला लागून तूर आहे. हिरव्या त्रिकोणाचं, म्हणजे डब्यावर सर्वांत कमी विषारी अशी खूण असलेलं कीटकनाशक निर्धास्त मारावं का? आणि फवारणी झाल्यावर पंप तळ्यावर धुतला तर एवढ्या पाण्यात काय होणार?

उत्तर: आधी पंपाचं. तळ्यावर पंप अजिबात धुऊ नका. ३० × ३० × ३ मीटरच्या, उतरत्या बाजूंच्या भरलेल्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. त्यात सायपरमेथ्रीन २५ टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट कीटकनाशक) फक्त २० मिली गेलं, तर मूळ विष ५ ग्रॅम होतं. म्हणजे लिटरमागे दोन मायक्रोग्रॅमच्या वर. अनेक माशांना एक ते तीन मायक्रोग्रॅमही मारक ठरतं. उन्हाळ्यात तळं तिसऱ्या हिश्श्यावर आलं की तेच विष तिप्पट तीव्र.

आता त्रिकोण. त्याचा रंग उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतो, पाण्यातल्या जिवांचा त्यात विचारच नाही. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आपण क्लोरँट्रानिलीप्रोल मारतो. त्रिकोण हिरवा, माशांनाही थेट धोका कमी. पण लिटरमागे सुमारे १२ मायक्रोग्रॅमला डाफ्निया, म्हणजे पाणपिसू, निम्म्या लुळ्या पडतात. कटला अशाच बारीक जिवांवर पोसतो.

म्हणून प्रयोगशाळेत मासा ९६ तास, डाफ्निया ४८ तास आणि शेवाळ ७२ तास असं वेगवेगळं तपासतात. हाती एवढ्याच अल्पकाळाच्या चाचण्या असतील, तर निम्म्या जिवांवर परिणाम करणाऱ्या मात्रांपैकी सर्वांत कमी आकड्याला १००० ने भागून सुरक्षित पातळी धरण्याची युरोपातली पद्धत आहे. पाण्यात पोहोचणारं प्रमाण त्याहून जास्त निघालं की धोका. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला मासा आणि डाफ्निया दोघंही बऱ्यापैकी तग धरतात, पाण्यातल्या किड्यांची पिल्लं मात्र फार थोड्या मात्रेत मरतात. एका जिवावरून सुरक्षितपणाचा दाखला देता येत नाही, तो असा.

तुम्ही लेबलसोबतची घडीपत्रिका वाचा. 'माशांना विषारी' असं असेल तर तळ्याकडे वारा असताना किंवा पावसाचं चिन्ह असताना फवारू नका. तळ्याकडची कड गवताची ठेवा. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता.

मासे मरू लागलेच, तर पाहा: पहाटे वर येऊन तोंड उघडत मोठे आधी मेले, तर बहुधा प्राणवायूची कमतरता. लहानमोठे सगळे, सोबत पाणकिडेही मेलेले दिसले, तर विषाची शंका घ्या. ते मासे खाऊ-विकू नका, जनावरांना ते पाणी दाखवू नका, आणि पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) कळवा.