लाल टोपीचा बुटका बागेत आला कुठून?

प्रश्न : ताई, लेकीकडे इंग्लंडला जाऊन आले. तिच्या शेजाऱ्यांच्या बागेत लाल टोपी, पांढरी दाढी असले मातीचे बुटके ठेवलेत, लेक म्हणाली ह्यांना नोम म्हणतात. आमच्या कोकणात राखणदार असतो तसलंच काही आहे का हे? आणि आणून गच्चीत ठेवले तर चालतील का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : राखणदार म्हणालात ते मला आवडलं, पण नोम मुळात बागेतला नाहीच हो, तो जमिनीच्या पोटातला. 16व्या शतकात पॅरासेल्सस नावाचे एक स्विस वैद्य होऊन गेले, त्यांनी लिहून ठेवलंय की पाणी, हवा, अग्नी, पृथ्वी ह्या प्रत्येकात राहणारे जीव असतात आणि पृथ्वीतले ते नोम, आपण हवेतून चालतो तसे ते दगडमातीतून आरपार जातात. जर्मनीतल्या खाणकामगारांच्या गोष्टींत तर असे बुटके आधीपासूनच होते, कधी चांदीची शीर दाखवणारे, कधी मुद्दाम छळणारे. अंधारात काम, वरून दगड कधी कोसळेल ह्याचा नेम नाही, तिथे माणसाला असं कुणीतरी आहे असं वाटणारच ना! ती टोकदार टोपीसुद्धा जुन्या खाणकामगारांच्या पोशाखातून आली असं सांगतात.

तुमच्या राखणदाराच्या जवळचा म्हणाल तर नॉर्वे-डेन्मार्कचा निस्से, स्वीडनमध्ये त्यालाच टोम्टे म्हणतात. तो शेतघर आणि गुरं सांभाळतो, ख्रिसमसच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी वाडगाभर पेज ठेवायची, वर लोण्याचा गोळा हवाच, आणि मान चुकला की स्वारी चिडते, गुरांनाही त्रास देते. हे आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

बागेत त्यांना आणलं ते सर चार्ल्स आयशम ह्यांनी, निदान इंग्लंडात तरी. नॉर्दम्प्टनशायरमधल्या लॅम्पोर्ट हॉल ह्या आपल्या वाड्यात त्यांनी मोठी रॉकरी, म्हणजे दगड रचून केलेली बाग, उभारली आणि 1847च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून 21 टेराकोटाचे (भाजलेल्या मातीचे) बुटके मागवून त्यात बसवले. म्हणजे दगडांतच ठेवले, आणि मला ते फार योग्य वाटतं, हिरवळीवर नुसता उभा केलेला नोम मला जरा पोरका वाटतो. आयशम गेल्यावर त्यांच्या मुलींनी ते सगळे काढून टाकले, त्यातला एकच वाचला, त्याला लॅम्पी म्हणतात, तो अजून लॅम्पोर्टला बघायला मिळतो. लेकीकडे परत गेलात की नक्की जा!

पुढे 1870च्या दशकात जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, ग्रेफेनरोडा गावात ह्यांचे कारखानेच निघाले, मग घरोघरी झाले. प्रतिष्ठित मंडळींनी मात्र नाकं मुरडली, लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये त्यांना बंदी होती, 2013ला शोची शंभरी आली तेव्हा त्या वर्षापुरती ती उठवली.

गच्चीचं म्हणाल तर खुशाल ठेवा. टेराकोटाचा घेतलात तर तो पाणी शोषतो, तुमच्याकडच्या पावसात त्यावर शेवाळ धरेल (मला ते छानच दिसतं), फक्त तळाशी पाणी साचू देऊ नका. रेझिनचा हलका असतो, वाऱ्याने पडतो आणि उन्हात त्याचा रंग उडतो, म्हणून तो सावलीत, कुंडीच्या आडोशाला ठेवा, आणि शेजारी दोन-चार दगड नक्की रचा.