आयसीयूची ड्यूटी सांभाळून नर्सिंगची पदवी ऑनलाइन होईल का?

पत्र, थोडक्यात: तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा करून मी नोंदणीकृत नर्स झाले. नऊ वर्षं नोकरी करतेय, सध्या आयसीयूत आहे. मध्यंतरी वॉर्ड इन्चार्जची जागा निघाली, पण पदवी नाही म्हणून माझा अर्जच घेतला नाही. नोकरी सोडणं शक्य नाही, मुलगा पहिलीत आहे. ‘घरबसल्या नऊ महिन्यांत बी.एस्सी. नर्सिंग, हजेरी नाही, प्रॅक्टिकल नाही’ अशी जाहिरात पाहिली. अशी पदवी चालते का? नाइट करून अभ्यास झेपेल का? पुढेमागे परदेशी जायचंही मनात आहे.

सिस्टर, नमस्कार.

त्या जाहिरातीला फोन करू नका, आणि केला असेल तर पैसे तरी भरू नका. नोकरी करता करता ऑनलाइन पदवी घेतलेल्या नर्सेस जगात भरपूर आहेत, तेव्हा तुमचा विचार चुकीचा अजिबात नाही. पण ज्या कोर्सला प्रॅक्टिकलच नाही, त्याला कुठलं नर्सिंग कौन्सिल दारात उभं करेल?

नर्सिंगच्या शिक्षणात हात रुग्णाला लागल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युरोपीय संघात जनरल नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर किमान ४,६०० तासांचं शिक्षण लागतं आणि त्यातला निम्मा तरी वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेत जावा लागतो. हे तास लॅपटॉपसमोर भरत नाहीत. म्हणून बारावीनंतर घरी बसून कोणी नर्स होऊ शकत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे. डिप्लोमाच्या तीन वर्षांत तुमचे क्लिनिकलचे तास झालेत, नोंदणी आहे, अनुभव आहे. पदवीसाठी उरतं ते बरंचसं वाचण्या-लिहिण्याचं काम: संशोधन, संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, वॉर्डचं व्यवस्थापन. हा भाग ऑनलाइन शिकता येतो. अमेरिकेतले ‘आरएन टू बीएसएन’ (नोंदणीकृत नर्स ते नर्सिंगची पदवी) कोर्स याच तत्त्वावर चालतात. प्रवेश फक्त नोंदणीकृत नर्सला, व्याख्यानं आणि निबंध ऑनलाइन, आणि जोडीला आपल्याच भागात करायचं काही प्रत्यक्ष काम. तिथेही प्रॅक्टिकलपासून पूर्ण सुटका नसते.

तुमची नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे आहे हे पत्रात आलेलं नाही आणि सगळं त्यावरच अडलेलं आहे. अमेरिकेत कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, ते आधी बघतात. भारतात यूजीसीच्या २०२०च्या नियमावलीनुसार ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने द्यायला मनाई असलेल्या विषयांत नर्सिंग येतं. तिथे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा नेहमीचा मार्ग आहे. म्हणजे एका देशात निर्धास्त चालणारी पदवी दुसऱ्या देशात नोंदणीच्या वेळी अडू शकते. तुम्हाला परदेशी जायचं आहे, म्हणून दोन ठिकाणी विचारा: आज जिथे नोंदणी आहे त्या कौन्सिलला आणि उद्या जिथे जायचं आहे तिथल्या. कोर्सचं आणि विद्यापीठाचं नाव लिहून ईमेल करा, ‘या पदवीची नोंद माझ्या रजिस्ट्रेशनवर होईल का?’ असं स्पष्ट विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. प्रवेश घेऊन देणाऱ्या एजंटाने तोंडी दिलेला ‘हो’ धरून चालू नका. तुमच्या हॉस्पिटलच्या एचआरलाही विचारा, कारण कौन्सिलने मानलेली पदवी बढतीच्या नियमात बसतेच असं नाही.

आता, एवढा खटाटोप करावा का? तुमचा अर्ज न घेतल्याचा राग पत्रात दिसतो आणि तो रास्त आहे. नऊ वर्षांचा अनुभव एका कागदासाठी बाजूला पडला की जिव्हारी लागतं. तरी मी पदवी घ्या असंच म्हणेन, आणि ते फक्त बढतीसाठी नाही. २०१४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास आला. शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यांनी पाहिले. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात एका नर्सवर एक रुग्ण वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेलीही दिसली. हे दुसरं वाक्य व्यवस्थापनाला कायम ऐकवलं पाहिजे, कारण पदवीधर नर्स घेतली म्हणून कमी माणसांत वॉर्ड चालवता येत नाही.

पदवीने नेमकं काय बदलतं, ते तुमच्या रोजच्या कामातूनच सांगते. बेडसोरचा धोका मोजायला बऱ्याच आयसीयूंत ब्रॅडन स्केल भरतात. सहा घटक, बेरीज ६ ते २३, आकडा जितका कमी तितका धोका जास्त. नर्स तो शिफ्टला भरते आणि पुढच्या कामाला लागते. पदवीच्या असाइनमेंटमध्ये तुम्हाला त्याच आकड्यापाशी थांबावं लागेल. गेल्या तीन महिन्यांत किती रुग्णांना बेडसोर झाले? त्यांचा स्कोर आधी कमी आला होता का? आला होता, तर कूस बदलण्याच्या वेळा पाळल्या गेल्या की चार्टवर नुसत्या सह्या झाल्या? रात्री दोन ते पाचमध्ये खंड पडतो का, आणि पडत असेल तर तेव्हा मजल्यावर हात किती असतात? हे प्रश्न तुम्हाला आजही पडत असतील. पण ते आकड्यांत मांडून, छापून आलेल्या संशोधनाशी ताडून मेट्रनच्या टेबलावर ठेवणं ही शिकायची गोष्ट आहे. शक्य तिथे प्रत्येक असाइनमेंट आपल्या वॉर्डवरच करा. फक्त रुग्णांची माहिती वापरण्याआधी हॉस्पिटलची लेखी परवानगी घ्या. नाव, बेड नंबर, केसपेपरचा फोटो यातलं काहीही कागदावर जाता कामा नये.

झेपण्याबद्दल. नाइट संपवून घरी आल्यावर पुस्तक उघडायचं नाही, झोपायचं. न झोपलेल्या नर्सच्या हातून इन्फ्युजन पंपाचा रेट चुकू शकतो, आणि कुठलीही पदवी त्या किमतीची नाही. अभ्यास सुटीच्या दिवशी आणि दुपारच्या शिफ्टआधीच्या सकाळी ठेवा. पहिल्या सत्रात एकच विषय घ्या. तशी सोय नसलेला कोर्स तुमच्या कामाचा नाही. व्याख्यानं रेकॉर्ड केलेली मिळतात की ठरल्या वेळी हजर राहावं लागतं, हे प्रवेशाआधी विचारा, कारण फिरत्या ड्यूटीत सगळी गाडी तिथेच अडते. परीक्षेच्या तारखा हाती आल्या की त्याच दिवशी इन्चार्जना द्या, म्हणजे ड्यूटी लागण्याआधी बदल करता येतो. घरच्यांशीही आधी बोला. मुलाचा अभ्यास, रात्रीचं जेवण यातलं कोण काय उचलणार, हे मोघम ठेवलं तर ते तुमच्याच डोक्यावर येतं.

संख्याशास्त्राला बहुतेक सिस्टर घाबरतात. ड्रिपचे थेंब आणि औषधाचे डोस तुम्ही रोज बिनचूक मोजता, तेव्हा आकड्यांची सवय तुम्हाला आहेच. खरा त्रास लिहिण्याचा होतो. दुसऱ्याचं वाक्य उचललं तर संदर्भ द्यावा लागतो, आणि नेटवरून उतरवलेलं बहुतेक वेळा पकडलं जातं. सुरुवातीचे निबंध लाल होऊन परत आले तरी खचू नका.

हॉस्पिटल फी देतं का, तेही विचारा. देत असेल तर बदल्यात किती वर्षांचा बॉन्ड (तिथेच नोकरी करण्याची लेखी अट) आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका, विशेषतः परदेशी जायचं डोक्यात असताना.

आज रात्रीची ड्यूटी नसेल तर दोन्ही कौन्सिलना ईमेल टाकून द्या. उत्तर आलं की कोर्सच्या विषयांची यादी आणि तुमची डिप्लोमाची गुणपत्रकं मला पाठवा. काही विद्यापीठं आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट धरतात. कोणत्या विषयांत सूट मागता येईल ते आपण बघू.