फुकटचा वकील पोराला बुडवेल का?

अमळनेर तालुक्यातली एक माउली कचेरीत आली. मोटरसायकल चोरीच्या गुन्ह्यात मुलगा जळगावच्या कारागृहात. पिशवीत सातबारा, आणि डोक्यात बैलजोडी विकायचा विचार. म्हणाली, “भाऊ, सरकारी वकील तं सरकारनाच राहीन ना?”

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. तिला सांगितलं, मावशी, मुलावर खटला चालवतो तो सरकारी वकील वेगळा. तुम्हाला मिळतो तो लोकअभिरक्षक कार्यालयाचा, म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या कार्यालयाचा, किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला; तो मुलाच्याच बाजूने उभा राहतो. सातबारा पिशवीतच राहू द्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकांमार्फतही जातो.

त्यावर ती म्हणाली, वकील मिळालाय, पण पोराला एकदाही भेटला नाही. इथे मात्र तिची धास्ती खरी होती. वकीलपत्रावर नाव आलं म्हणजे बचाव झाला, असं नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या खंडव्यात 2013 साली एका खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्यात फाशीची शिक्षा! 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. फाशी-जन्मठेपेच्या प्रकरणात किमान दहा वर्षांचा अनुभवी वकील द्या, तयारीला साधारण सात दिवस तरी द्या, असंही बजावलं. चोरीच्या खटल्याला हे आकडे लागू नाहीत, पण तयारीशिवाय बचाव नाही हे तिथेही तितकंच खरं.

म्हणून तिला सांगितलं, वकिलाला तीन गोष्टी विचारा: पोराला कधी भेटलात, चार्जशीटची नक्कल घेतली का, जामिनाचा अर्ज कुठवर आला. आवाज चढवू नका, पण उत्तर घेतल्याशिवाय उठूही नका. (खाजगी वकिलालाही हेच विचारावं, पैसे भरले की लोक विचारायचं सोडतात.) उत्तर मिळालं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे वकील बदलून मागता येतो. मुलगा पेशीला न्यायाधीशांसमोर स्वतःही सांगू शकतो, मग ती पेशी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) का असेना.

तिने लेखी अर्ज दिला, वकील बदलला. नवी वकीलबाई कारागृहात जाऊन मुलाला भेटली, तेव्हा कळलं की चोरीच्या रात्री तो चोपड्याला ऊसतोडीच्या मुकादमाकडे होता. मुकादमाचं नाव आधी कोणी विचारलंच नव्हतं. जामिनाचा अर्ज आता दाखल आहे. बैलजोडी अजून दावणीला आहे.